शिवणाच्या बाईंच्या राहुट्या

सांगलीच्या त्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले, त्या सकाळी मैदानाच्या मधोमध खाकी कापडाचा एक मोठा ढीग हलत होता. ढिगातून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते आणि आतून आवाज येत होता, "ओढा गं! हिकडनं न्हाई, तिकडनं! जीव गुदमरला माजा!"

चार-पाच मुली खिदळत कापडाचं एक टोक ओढत होत्या. शेवटी कापड सुटलं आणि पन्नाशीकडे झुकलेली एक उंच, काटक बाई आतून उठून बसली. केसांत गवत, गळ्यात मोजपट्टी, तोंडात मेण लावलेला दोरा. माझ्याकडे बघून त्यांनी दोरा बाजूला केला.

"नवीन?"

"हो."

"इषय?"

"गणित."

"बरं झालं. ए गणित, ह्ये टोक धर."

नव्या कोऱ्या साडीत मी ते टोक धरलं. त्या दिवसापासून त्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्यासाठी 'गणित'च राहिले. शिक्षक-खोलीत त्या सगळ्यांनाच विषयानं हाक मारत. भूगोल, इंग्रजी, चित्रकला. स्वतः त्या शिवणाच्या बाई. हजेरीपत्रकावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही.

मैदानातला तो ढीग म्हणजे राहुटी होती. अभ्यासक्रमात झबलं होतं, उशीचा अभ्रा होता, टेबलावरचं कशिद्याचं कापड होतं. बाई ते सगळं पहिल्या सत्रातच उरकून टाकत. दुसऱ्या सत्रात त्या साताऱ्याच्या जुन्या बाजारातून जाडंभरडं खाकी कापड आणायच्या आणि नववीच्या मुलींच्या हातात दाभण द्यायच्या. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गात शिरले, तर मुली जमिनीवर मांडी ठोकून पोतं शिवावं तशा कापडावर तुटून पडलेल्या. साहेबांनी विचारलं, "बाळाची झबली कुठं आहेत?"

बाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. "झाली शिवून. झबलं बाळाला तीन म्हैनं पुरतंय, साहेब. राहुटी धा वर्सं टिकती."

"पण मुलींना राहुटीचा उपयोग काय?"

"त्यात ऱ्हायाचं," बाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

त्या कोरेगावकडच्या. घरचा ऊस, दोन भाऊ फौजेत. बोली त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही. मराठीच्या बाई सुरुवातीला त्यांना सुधारायला बघत. 'हाय' नाही, 'आहे' म्हणा, असं सांगत. शिवणाच्या बाई शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "व्हय, तुमचं बराबर हाय." मराठीच्या बाईंनी पुढं नाद सोडला.

जेवण त्या उभ्यानं करत, खिडकीत डबा ठेवून. चहाला नाही म्हणत आणि मग दुसऱ्याच्या बशीतला पीत. पण सगळ्यात वाईट खोड म्हणजे शिवण ओढून बघण्याची. समोरचं माणूस बोलत असताना यांचं लक्ष त्याच्या बाहीवर असायचं. मधेच हात पुढं करून बाही चिमटीत धरायच्या आणि हिसका द्यायच्या. शिवण टिकली तर "झकास" म्हणायच्या. उसवली तर तिथंच, पदराला टोचून ठेवलेली सुई काढून शिवून द्यायच्या. आम्ही सगळ्या त्यांच्यासमोर हात मागं बांधून उभ्या राहायला शिकलो होतो.

अध्यक्षांना हे ठाऊक नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावातले वजनदार वकीलसाहेब. बक्षीस समारंभाला ते नवा कोट घालून आले. बाई व्यासपीठावर त्यांच्या छातीला फीत लावायला गेल्या. फीत लावली, आणि जाता जाता त्यांचा हात गेलाच. कोटाची बाही खांद्यापाशी फाटकन उसवली. सगळी शाळा समोर बसलेली.

"साहेब, शिंपी बदला," बाई मनापासून म्हणाल्या. "हितं एकच टीप मारलीया."

त्यानंतर अध्यक्ष बाईंच्या शिबिराविषयी मुख्याध्यापिकांकडे वरचेवर चौकशी करू लागले.

शिबिर दर वर्षी परीक्षा संपल्यावर व्हायचं. कोयनेच्या बॅकवॉटरच्या काठी, बामणोलीहून लाँचनं पलीकडे गेलं की एक मोकळा किनारा आहे, तिथं. एप्रिलअखेर पाणी खाली गेलेलं असतं. तांबड्या मातीची आणि बारीक वाळूची रुंद पट्टी उघडी पडते, वर जांभळीची झाडं आणि त्यांच्यामागं डोंगरात चढत गेलेल्या पायवाटा. सोळा मुली, त्यांनीच शिवलेल्या चार राहुट्या आणि बाई. त्या काळात मुलींचं असं शिबिर म्हणजे लोकांना नवल होतं. सोबत यायला एकही शिक्षिका तयार नसे. मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं.

"यंदा तुम्ही बाईंबरोबर जा," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलंय, पालकांची एक जरी तक्रार आली तरी शिबिर कायमचं बंद. तिथं काय चालतं ते नीट बघा, आणि खरं ते मला सांगा."

मला पोहता येत नव्हतं. अंधाराची, किड्यांची आणि बाईंची भीती वाटत होती. पण नोकरी नवी होती. गेले.

साताऱ्याहून बामणोलीच्या एसटीत बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. घाटात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. स्वतःविषयी त्या तेवढंच एकदा बोलल्या. त्या सतरा वर्षांच्या असताना थोरला भाऊ रजेवर आला होता. त्यानं हौसेनं रानात राहुटी ठोकली. बाईंनी घरी विचारलं, मी एक रात्र आत झोपू का. घरच्यांनी वेड्यात काढलं.

"भाऊ आत झोपला. मी भायेर बसून शिवण बघत ऱ्हायले. कुठनं सुरू केलीया, कुठं दुमडलीया. सगळी पाठ केली," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या बाहीला हिसका दिला. "झकास."

शिबिराचे नियमही बाईंनीच केलेले. घरी जी मुलगी रोज स्वयंपाक करते तिनं चुलीकडे फिरकायचं नाही. तिनं खुंट्या ठोकायच्या, लाकडं फोडायची. घरी जिला कुणी ताट उचलू देत नाही, तिनं भाकरी थापायची. पहिल्या दोन दिवसांत आम्ही काय खाल्लं ते न सांगितलेलं बरं. मुलींमध्ये सांगलीतल्या एका डॉक्टरीणबाईंची लेक होती, तिनं केलेल्या पिठल्यात चमचा उभा राहत होता. बाईंनी दोनदा वाढून घेतलं.

दुसरा नियम, रोज प्रत्येकीनं अर्धा तास एकटीनं किनाऱ्याच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि येऊन काय दिसलं ते सांगायचं. 'काही नाही' हे उत्तर चालत नसे. "मग परत जा," बाई म्हणत. मलाही पाठवलं. मी आधी पुटपुटत गेले. टोकापाशी पाण्यातून वर आलेला एक जुना बांध होता, पाण्याखाली गेलेल्या कुठल्यातरी गावाचा. बांधावर दगडी जातं पडलं होतं, अर्धं गाळात. मी त्याच्याशेजारी बसले. जन्माला आल्यापासून मी कधी अर्धा तास एकटी, काहीही न करता, उघड्यावर बसले नव्हते हे तिथं बसल्यावर माझ्या लक्षात आलं. परत आले तेव्हा बाईंनी विचारलं, "काय बघितलंस, गणित?" मी जातं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला तासभर दिला.

त्या सोळा जणींत मंगल म्हणून एक मुलगी होती. आटपाडीकडची. शिकायला म्हणून सांगलीला मामाकडे राहायची. तिच्या गावात पाण्याला टँकर यायचा. अंघोळ कायम एका तांब्यात उरकायची, असं तीच सांगायची. बाईंनी हिवाळाभर दर रविवारी मुलींना एका ओळखीच्या मळ्यातल्या विहिरीवर नेलं होतं, वाळका भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकवलं होतं. मंगलही शिकली, पण तिनं काठ कधी सोडला नाही. एक हात पायरीला लागेल एवढंच अंतर. शिवणात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चार राहुट्यांपैकी सर्वांत मोठीची माथ्याच्या कण्यावरची लांब शिवण तिनं एकटीनं घातली होती.

आमच्या तळापाशी पाण्याचा एक अरुंद फाटा आत घुसला होता. बाईंनी होडीवाल्याला घेऊन, गाठी मारलेल्या दोरीनं त्याची रुंदी मोजली होती. दोनशे फूट. शिबिर संपायच्या आधी जिला जमेल तिनं तो पोहून पार करायचा. मंगल रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि पलीकडचा काठ बघून परत यायची. बाई तिला काहीच बोलत नसत.

थोड्या अंतरावर कुठल्याशा तरुण मंडळाचा तळ होता. भाड्यानं आणलेला रंगीत मंडप, खुर्च्या, कर्णा. तिथली मुलं पायवाटेनं जाता-येता आमच्या खाकी राहुट्यांना हसत. आणखी हसायला कारण म्हणजे बाईंनी प्रत्येक राहुटीभोवती मुलींकडून चर खणून घेतले होते. आभाळात ढग नाही, जमीन भाजतेय आणि मुली घामाघूम होऊन चर खणताहेत. मीसुद्धा म्हणाले, "बाई, पाऊस कुठं आहे?"

"आल्यावर खणू म्हणतीस?"

तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, लाँच आली. लाँचमधून अध्यक्ष उतरले, आणि त्यांच्यामागं फेटा बांधलेला, ताठ पाठीचा एक माणूस. मंगलनं त्याला बघितलं आणि हातातली कुऱ्हाड खाली टाकली.

"आबा!"

ते तिचे वडील. फौजेतून निवृत्त झालेले. कुणीतरी गावात जाऊन सांगितलं होतं की तुमच्या पोरीला धरणात उतरवतात. ते थेट अध्यक्षांकडे पोचले, आणि अध्यक्षांना हवी होती ती तक्रार आयती मिळाली.

"सामान बांद," वडील मंगलला म्हणाले. "उद्या पाव्हणं येणार हायती तुला बघाय."

मंगल नववीत होती. ती वडिलांकडे बघेना, आमच्याकडेही बघेना. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, मुलींना पाण्यात उतरवतात हे खरं का?"

"खरं आहे," मी म्हणाले. "आणि त्यांना पोहता येतं, हेही खरं आहे."

अध्यक्षांनी ओठ आवळले. "शिबिर इथंच संपलं. सगळ्यांनी आवरा. लाँच दोन खेपा करेल."

बाई एवढा वेळ आभाळाकडे बघत होत्या. कांदाटी खोऱ्याच्या बाजूनं डोंगर दिसेनासा झाला होता. "साहेब, आवरू की," त्या म्हणाल्या. "पर आता कुणी पाण्यात जायचं न्हाई. लाँच वडून घ्या. पोरींनू, तणावे बघा, दोऱ्या आवळा!"

पुढच्या काही मिनिटांत जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आधी वारा थांबला. मग पलीकडच्या काठावरून धुळीची भिंत पाण्यावरून चालत आली. पाणी काळं झालं. सोळा मुली आरडाओरडा न करता आपापल्या जागी पळाल्या, प्रत्येकीची खुंटी ठरलेली होती. लाकडी मोगऱ्यांनी खुंट्या ठोकून, दोऱ्या आवळून, चुलीवर घमेलं पालथं घालून त्या आत शिरल्या. अध्यक्षांची छत्री उलटी झाली आणि हातातून गेली. बाईंनी त्यांना दंडाला धरून मोठ्या राहुटीत ओढलं, वडिलांना मी ढकललं. लाँचवाल्यानं दोर झाडाला बांधला आणि तोही आत आला. आणि वळीव कोसळला. आधी गारा, मग पाऊस.

कापड ढोलासारखं वाजत होतं. वारा राहुटीला खालून उचलायला बघत होता. आम्ही सगळ्या खालची कड पायांनी दाबून बसलो होतो. वीज चमकली की कापडातून सगळ्यांचे चेहरे पिवळे दिसायचे. अध्यक्षांचे डोळे मिटलेले होते. वडील मात्र वर बघत होते. कण्याच्या शिवणीवर. फौजेतल्या माणसाला ठाऊक असतं राहुटी कुठं फाटते ते. मोठा झोत आला, खांब कण्हला, कापड ताणलं, आणि ती शिवण जशी होती तशीच राहिली. एक थेंब आत आला नाही.

पाऊस जरा उतरला तेव्हा वडिलांनी हात वर करून शिवणीवरून बोट फिरवलं. मग चिमटीत धरून हिसका दिला. मी बाईंकडे बघितलं. त्या गालातल्या गालात हसत होत्या.

"डबल दुमडून घेतलीया," वडील म्हणाले. "राजस्थानात आमच्या तंबूला असा टाका न्हवता. मिल्ट्रीचा माल हाय का ह्यो?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "ही शिवण तुमच्या लेकीनं घातलीया."

वडिलांनी बोट काढलं नाही. "आमच्या मंगलनं?"

"एकटीनं. तीन हप्तं बसली व्हती."

मंगल खाली मान घालून कड दाबत होती. वडील जरा सरकले आणि लेकीच्या पायाशेजारी आपला पाय ठेवून ती कड दाबू लागले.

बाहेर आलो तर चरांतून लाल पाणी खळाळत धरणाकडे चाललं होतं, आणि चारही राहुट्या उभ्या होत्या. पलीकडचा रंगीत मंडप धरणाच्या पाण्यात तरंगत होता. कर्णा झाडावर. थोड्या वेळानं ती हसणारी पंचवीस-तीस मुलं कुडकुडत आमच्याकडे आली. सगळ्यात पुढच्यानं विचारलं, "मावशी, आत येऊ का?"

"या की," बाई म्हणाल्या. "चर बघून पाय टाका."

डॉक्टरीणबाईंच्या लेकीनं सगळ्यांना चहा केला. त्यात मीठ पडलं होतं. ती मुलं निमूट प्यायली.

लाँचच्या इंजिनात पाणी गेलं होतं. त्या दिवशी कुणीच परत जाऊ शकत नव्हतं. अध्यक्ष कोट वाळत घालून, बाईंची घोंगडी पांघरून चुलीपुढे बसले. जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्या मुली कुणी न सांगता आपापल्या जागी कशा गेल्या हो?" मी सांगितलं, रोज सकाळी सराव होतो. त्यांनी मान हलवली आणि पिठलं मागून घेतलं. सोमवारी मुख्याध्यापिकांकडे गेले तेव्हा मला फारसं सांगावं लागलं नाही. अध्यक्ष आधीच येऊन गेले होते आणि दोन नव्या राहुट्यांचं कापड मंजूर करून गेले होते. शिबिर पुढं बाई निवृत्त होईपर्यंत चाललं, आणि त्यानंतर ते मी चालवलं. आता मला पोहता येतं.

पण त्या रविवारची सकाळ मला सांगायची आहे.

आभाळ धुतल्यासारखं होतं. फाट्याचं पाणी हलतही नव्हतं. मुली एकेक करून पोहून गेल्या, होडीवाला कडेनं होडी वल्हवत होता. बाई साडीचा काचा मारून सोबत पोहायच्या आणि परत यायच्या. मंगल कमरेएवढ्या पाण्यात उभी. वडील काठावर, चपला हातात धरून. आटपाडीला पाहुणे निघाले असतील, ही वेळ त्यांनाही कळत होती. लाँचवाला दोनदा येऊन सांगून गेला की इंजिन चालू झालंय. वडील त्याला म्हणाले, "थांब जरा." ते स्थळ त्या दिवशी पुढं ढकललं गेलं, आणि पुढं ढकलता ढकलता पोरगी बारावी झाली.

मंगलनं एकदा मागं वळून बघितलं. वडिलांनी काही खूण केली नाही. मग तिनं पाय उचलले.

पहिले पन्नास फूट ती विहिरीत पोहायची तशीच पोहली, मान वर काढून, घाईघाईनं. मधे थांबली. बाई हातभर अंतरावर होत्या, पण त्यांनी हात पुढं केला नाही. काहीतरी बोलल्या, ते आम्हाला ऐकू आलं नाही. मंगलनं मान पाण्यात घातली आणि हात लांब टाकायला लागली. एक, दोन, तीन. आम्ही काठावर मोजत होतो, अध्यक्षही मोजत होते. वडील पाण्यात शिरले होते, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. धोतर भिजतंय याचं त्यांना भान नव्हतं.

पलीकडे ती चिखलात हात टेकून उभी राहिली. आमच्याकडे वळली. आणि दोन्ही हात वर केले.

"माजी हाय ती!" वडील ओरडले. अध्यक्षांचा खांदा धरून त्यांनी त्यांना गदागदा हलवलं. लाँचवाल्याला ओरडून सांगितलं. डोंगराला सांगितलं. फेटा काढून हवेत फिरवायला लागले. "आटपाडीची हाय! माजी लेक हाय ती!" मुली किंचाळत होत्या, मी रडत होते.

पलीकडच्या काठावर बाई पाणी निथळत वर चढल्या. त्यांनी दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि तो खणखणीत आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला.

"आवं पाव्हणं, दम धरा! अजून माघारी पोहून यायचंय तिला!"

आणि ती आली.